पुड्यावरचे वजन, पुड्यातले वजन

गेल्या अंकात या सदराच्या शेवटी आम्ही वाचकांना एक साधी विनंती केली होती, की घरात येणाऱ्या बंद पाकिटांपैकी एखादे एकदा काट्यावर घालून पाहावे आणि जे आढळेल ते आम्हाला कळवावे. आलेल्या पत्रांत विषय अनेक असले तरी बहुतेकांच्या मनातील प्रश्न एकच आहे : वजन कमी भरले, तर शासन नेमके काय करते आणि आपण काय करायचे? त्यांतील निवडक पत्रे थोडी संक्षिप्त करून उत्तरांसह देत आहोत.

प्रश्न : तूर डाळीचे एक किलोचे बंद पाकीट मी आमच्या नेहमीच्या किराणा दुकानातून आणले. घरच्या इलेक्ट्रॉनिक काट्यावर ते पाकिटासकट ९८६ ग्रॅम भरले. डाळ डब्यात ओतून रिकामे पाकीट तोलले, तर ते ८ ग्रॅम निघाले. म्हणजे डाळ ९७८ ग्रॅमच होती. दुकानदार म्हणाले, “ताई, एवढा फरक कायद्यालाच मान्य असतो.” हे खरे आहे काय? आणि याची तक्रार अन्न व औषध प्रशासनाकडे करावी काय? (एक गृहिणी, महाल, नागपूर)

उत्तर : आपण रिकामे पाकीट वेगळे तोललेत हे फार चांगले केले, कारण वजनाच्या तक्रारी घेऊन येणारे दहातील आठ जण नेमके तेच विसरतात. पाकिटावर छापलेले वजन निव्वळ मालाचे असले पाहिजे. वेष्टनाचे वजन त्यात धरता येत नाही.

आपल्या दुकानदारांचे म्हणणे अर्धे खरे आहे. यंत्राने भरलेले प्रत्येक पाकीट शेवटच्या ग्रॅमपर्यंत सारखे उतरत नाही, हे मान्य करूनच वैध मापन शास्त्र (आवेष्टित वस्तू) नियम, २०११ यांच्या पहिल्या अनुसूचीत कमाल अनुज्ञेय त्रुटी, म्हणजे चालू शकणारी जास्तीत जास्त तूट, ठरवून दिलेली आहे. पन्नास ग्रॅमपर्यंतच्या पाकिटाला ती ९ टक्के आहे, ५० ते १०० ग्रॅमला ४.५ ग्रॅम, १०० ते २०० ग्रॅमला ४.५ टक्के, २०० ते ३०० ग्रॅमला ९ ग्रॅम, ३०० ते ५०० ग्रॅमला ३ टक्के आणि ५०० ग्रॅम ते एक किलोला १५ ग्रॅम. त्यापुढे दहा किलोपर्यंत दीड टक्का. म्हणजे किलोच्या पाकिटात १५ ग्रॅमपर्यंतची तूट एखाद्या पाकिटापुरती चालून जाऊ शकते. आपल्या डाळीत २२ ग्रॅमची तूट आहे आणि ती या मर्यादेबाहेर जाते.

मात्र दुकानदार ज्याला ‘मान्य’ म्हणतात तो फरक म्हणजे प्रत्येक पाकिटातून तेवढा माल काढून घेण्याची परवानगी नव्हे, आणि हा गैरसमज दुकानदारांइतकाच ग्राहकांतही पसरलेला आहे. निरीक्षक जेव्हा माल भरणाऱ्याच्या जागेवर जाऊन तपासणी करतात, तेव्हा ते एका पाकिटावरून निष्कर्ष काढत नाहीत. एका बॅचमधून ठरलेल्या पद्धतीने नमुने काढले जातात आणि त्यांना तीन कसोट्या लावल्या जातात. सर्व नमुन्यांचे सरासरी निव्वळ वजन छापील वजनाइतके किंवा त्याहून अधिक भरले पाहिजे. अनुज्ञेय त्रुटीपेक्षा अधिक तूट असलेली पाकिटे ठरावीक संख्येपेक्षा जास्त नसावीत. आणि त्या त्रुटीच्या दुपटीहून अधिक तूट एकाही पाकिटात नसावी.

यांपैकी पहिली कसोटी सर्वांत महत्त्वाची आहे. समजा, एखाद्या कारखानदाराने ५०० ग्रॅमच्या पाकिटाचे यंत्र मुद्दाम ४९० ग्रॅमवर लावून ठेवले. प्रत्येक पाकिटातील तूट १० ग्रॅमची, म्हणजे १५ ग्रॅमच्या मर्यादेत. सुटे पाकीट तपासले तर दोष सापडणार नाही. परंतु अशी एक लाख पाकिटे विकली की एक हजार किलो माल न देताच त्याचे पैसे वसूल झालेले असतात. सरासरीची कसोटी या मापातल्या पापासाठीच आहे. म्हणूनच आपल्या हातातील एक पाकीट हा पुरावा कमी आणि सुगावा अधिक असतो, असे आम्ही मानतो. तक्रार अशी केली पाहिजे की तो सुगावा धरून निरीक्षकाला बॅचपर्यंत पोहोचता यावे.

त्यासाठी आधी आपला काटा तपासून घ्यावा. स्वयंपाकघरातील काट्याची शासकीय पडताळणी झालेली नसते आणि सपाट ओट्याऐवजी टेबलक्लॉथवर ठेवला तरी तो चार-सहा ग्रॅमने चळतो. तेव्हा त्याच मालाचे दुसरे न फोडलेले पाकीट कुठल्याही दुकानातील मुद्रांकित काट्यावर तोलून पाहावे. दुकानातील इलेक्ट्रॉनिक काट्याची पडताळणी आणि मुद्रांकन दरवर्षी करून घ्यावे लागते आणि त्याचे प्रमाणपत्र पाहण्यास मागितले तर राग येण्याचे कारण नाही. त्या काट्याच्या पाटीवर त्याची किमान विभागणी लिहिलेली असते. ती ५ ग्रॅम असेल, तर त्या काट्यावर ३ ग्रॅमच्या फरकावरून वाद घालू नये. २० ग्रॅमच्या फरकावरून जरूर घालावा.

आता तक्रार कोणाकडे, याविषयी. अन्न व औषध प्रशासन भेसळ, अस्वच्छता, मुदत आणि लेबलवरील अन्नविषयक मजकूर पाहते. वजन, माप आणि छापील किंमत हे विषय वैध मापन शास्त्र यंत्रणेचे आहेत. जुने लोक अजूनही तिला ‘वजनमापे खाते’ म्हणतात आणि इतवारीत त्याच नावाने विचारले तर कोणीही कार्यालयाचा पत्ता सांगेल. ही यंत्रणा राज्याच्या अन्न, नागरी पुरवठा व ग्राहक संरक्षण विभागाखाली येते. नागपूर कार्यालयात लेखी अर्ज द्यावा, किंवा १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर नोंद करावी. अर्जात दुकानाचे नाव, खरेदीची तारीख, पावती, पाकिटावरील बॅच क्रमांक, भरणाऱ्याचे नाव व पत्ता आणि आपण वजन कसे केले याची हकीकत असावी. आपण डाळ डब्यात ओतून टाकलीत, त्यामुळे ते पाकीट आता कामाचे राहिले नाही. रिकामे वेष्टन मात्र टाकू नका, कारण बॅच क्रमांक त्यावरच आहे.

प्रश्न : इतवारीत माझे तीन पिढ्यांचे किराणा दुकान आहे. मागील महिन्यात निरीक्षकांनी दोन गोष्टींवर बोट ठेवले. एका कंपनीच्या सीलबंद मसाल्याच्या पाकिटावर पुरवठादारानेच जुन्या किमतीवर नवी चिकटपट्टी लावलेली होती. दुसरे असे की सकाळी गर्दी होण्याआधी नोकर डाळ, साखर, पोहे यांच्या अर्ध्या किलोच्या पिशव्या भरून ठेवतो, त्यांवर काहीच छापलेले नाही असा आक्षेप घेतला गेला. माल तर मी पूर्ण तोलून देतो. मग मी दोषी कसा? (एक दुकानदार, इतवारी)

उत्तर : आपल्या प्रामाणिकपणाविषयी शंका नाही, तरीही दोन्ही आक्षेप नियमाला धरून आहेत.

सीलबंद पाकिटातील वजन कमी निघाले, तर वैध मापन शास्त्र अधिनियमाचे कलम ३६ (२) माल तयार करणारा, भरणारा किंवा आयात करणारा यांच्याकडे बोट दाखवते, विक्रेत्याकडे नाही. परंतु कलम ३६ (१) मध्ये, आवश्यक घोषणा नसलेली किंवा नियमाप्रमाणे नसलेली पाकिटे विकणाराही येतो. किंमत खोडणे, झाकणे किंवा बदलणे याला २०११ च्या नियमांनी विक्रेत्याला मनाई केलेली आहे आणि ‘ती पट्टी पुरवठादाराने लावली’ हे सांगून भागत नाही, कारण विक्री आपल्या गल्ल्यावर झाली. असा माल आला तर घेऊ नये. घेतला असेल तर पुरवठादाराच्या बिलासह वेगळा काढून ठेवावा.

पिशव्यांचा मुद्दा आपल्यासारख्या पुष्कळ दुकानदारांना अन्यायाचा वाटतो, म्हणून तो नीट सांगतो. वैध मापन शास्त्र अधिनियम, २००९ याप्रमाणे, ग्राहक समोर नसताना ठरावीक वजनात भरून ठेवलेली वस्तू ही आवेष्टित वस्तूच ठरते, मग ती पिशवी सीलबंद असो वा नुसती गाठ मारलेली. ग्राहकाने मागितल्यावर पोत्यातून काढून त्याच्यासमोर तोललेली डाळ या व्याख्येत येत नाही. म्हणजे एकच डाळ, एकच काटा, एकच नोकर; सकाळी आठ वाजता भरली तर आपण ‘पॅकर’ आहात आणि अकरा वाजता ग्राहकासमोर तोलली तर फक्त विक्रेते. पॅकर झालात की नाव, पत्ता, वस्तूचे नाव, निव्वळ वजन, भरल्याचा महिना व वर्ष, सर्व करांसह कमाल किंमत, तक्रारीसाठी संपर्क हे सर्व छापणे आणि नोंदणी करणे आपल्यावर येते. गर्दीच्या वेळी हात मोकळा राहावा हा आपला हेतू रास्त आहे, परंतु छापील स्टिकरचा खर्च परवडत नसेल तर समोर तोलून देण्याला पर्याय नाही.

प्रश्न : आमच्या महिला बचत गटातर्फे भिवापुरी मिरचीचे तिखट २०० ग्रॅमच्या पुड्यांत भरून विकले जाते. फेब्रुवारीत आम्ही काट्यावर बरोबर २०० ग्रॅम भरले होते. मे महिन्यात नागपुरातील एका दुकानदारांनी चार पुडे परत पाठवले. त्यांत १९२ ते १९४ ग्रॅमच माल निघाला. आम्ही कुणाचे ग्रॅमभरही मारलेले नाही. हे वजन गेले कुठे, आणि यावर आम्हाला दंड होऊ शकतो काय? (बचत गटाच्या एक सदस्या, भिवापूर)

उत्तर : ताई, आपले वजन उन्हाने नेले. विदर्भातील उन्हाळ्यात पारा ४५ अंशांपर्यंत आणि कधी त्यापुढेही जातो. हवा कोरडी ठणठणीत असते आणि पातळ पॉलिथिनच्या पुड्यातून बाष्प हळूहळू बाहेर पडत राहते. पापड, कुरडया, मूगवड्या वाळवताना जे आपल्याला हवे असते, तेच भरलेल्या पुड्याच्या बाबतीत नको असते.

हिशेब करून पाहू. अन्नसुरक्षेच्या मानकांप्रमाणे मिरची पुडीत ओलावा ११ टक्क्यांपेक्षा अधिक नसावा. समजा, भरताना तो बरोबर ११ टक्के होता. म्हणजे २०० ग्रॅममध्ये २२ ग्रॅम पाणी आणि १७८ ग्रॅम सुके तिखट. मे अखेर ओलावा ७ टक्क्यांवर उतरला, तर तेच १७८ ग्रॅम सुके तिखट आता एकूण वजनाच्या ९३ टक्के होते आणि पुड्याचे वजन १९१.४ ग्रॅम भरते. आपल्या दुकानदारांना मिळालेले आकडे याच्या जवळचेच आहेत. गव्हाच्या पिठाचे तर याहून ठळक आहे : १३ टक्के ओलाव्याचे ५०० ग्रॅम पीठ १० टक्क्यांवर आले की ४८३ ग्रॅम राहते आणि १५ ग्रॅमची मर्यादा कोणीही चोरी न करता ओलांडली जाते.

दोनशे ग्रॅमला अनुज्ञेय त्रुटी साडेचार टक्के, म्हणजे ९ ग्रॅम. आपले चारही पुडे त्या मर्यादेत आहेत. परंतु सरासरीच्या कसोटीवर ते उतरणार नाहीत, हे वरील उत्तर वाचून आपल्या लक्षात आलेच असेल. ‘भरतेवेळी’ असा शेरा वजनापुढे लिहिण्याची मुभा वातावरणामुळे वजन घटणाऱ्या काही ठरावीक वस्तूंनाच आहे. साबण हे त्यांतील ठळक उदाहरण. आपल्या मनाने तो शेरा तिखटाच्या पुड्यावर छापू नये. ‘सुमारे’, ‘अंदाजे’, ‘किमान’ असले शब्दही निव्वळ वजनाला जोडता येत नाहीत.

मग करायचे काय? पुड्यात थोडे जास्त तिखट भरणे हा पहिला उपाय सर्वांना सुचतो आणि तो योग्यही आहे; पण आमच्या मते त्याआधी मिरचीकडे पाहावे. कांडण्यापूर्वी मिरची पूर्ण कडक वाळवली आणि ओलावा ८ टक्क्यांच्या आसपास आणून मगच भरली, तर पुढे घटायला फारसे काही उरतच नाही. त्यात प्रत्येक पुड्यामागे थोडी अधिक मिरची जाते, हे खरे. परंतु आधी जे विकले जात होते त्यात काही ग्रॅम पाणी होते, हेही तितकेच खरे आहे. दुसरे म्हणजे पातळ पॉलिथिनऐवजी बाष्प अडवणारे बहुपदरी पाऊच वापरावेत. तिसरी गोष्ट अगदी लहान आहे, पण तिथेच गफलत होते : पाऊचचा नवा गठ्ठा आला की दहा रिकामे पाऊच एकत्र तोलून एकाचे वजन काढावे आणि काटा त्याप्रमाणे शून्यावर आणावा. जुन्या पाऊचच्या हिशेबाने नवे जाड पाऊच भरले, तर दोन-तीन ग्रॅमची तूट पहिल्याच दिवशी पडते. दर भरणीला दहा भरलेले पुडे तोलून त्यांची सरासरी तारखेसह वहीत लिहावी. निरीक्षक आले तर ही वही आपल्या बाजूने बोलेल.

नोंदणीविषयी आपण विचारलेले नाही, तरी सांगून ठेवतो. माल भरून विकायला सुरुवात केल्यापासून ९० दिवसांत पॅकर म्हणून नोंदणीचा अर्ज करावा लागतो. नियमांत त्याचे शुल्क ५०० रुपये ठेवलेले आहे. लेबल मराठीत असावे हा आपला आग्रह आम्हालाही आवडतो, परंतु नियमाप्रमाणे घोषणा देवनागरीतील हिंदीत किंवा इंग्रजीत असणे आवश्यक आहे. मराठी त्यासोबत हवी तेवढी ठळक छापावी. आणि इंग्रजीत ग्रॅमसाठी ‘जी’ हे एकच अक्षर लिहावे. ‘जीएमएस’ असे लिहिणारे पुष्कळ आहेत आणि तेवढ्यावरूनही नोटीस निघू शकते.

प्रश्न : तेलाची एक लिटरची पिशवी तोलली तर ती ९१५ ग्रॅम भरते. शेजारच्या दुकानात दुसऱ्या कंपनीची तशीच दिसणारी पिशवी ८५० ग्रॅमची आहे. एका किलोला शंभर ग्रॅम कमी देणे हा उघड उघड काटा मारण्याचा प्रकार नाही काय? (एक निवृत्त कर्मचारी, सक्करदरा)

उत्तर : पहिल्या पिशवीत फसवणूक नाही. तेल पाण्यापेक्षा हलके असते आणि एक लिटर खाद्यतेलाचे वजन साधारण ९१० ग्रॅमच भरते. उरलेले पाच ग्रॅम पिशवीचे. लिटर म्हणजे किलो हे समीकरण आपण पाण्यावरून शिकलो आणि तेलाला लावत आलो.

तरीही तेलात एक पळवाट होती. तेल तापले की फुगते. सोयाबीन तेलाचे एक लिटर २१ अंशांना सुमारे ९१९ ग्रॅम भरते, तर ६० अंशांना सुमारे ८९३ ग्रॅम. त्यामुळे ‘एक लिटर, ६० अंशांना’ असे छापून काही जण ग्राहकाला कमी तेल देऊ शकत होते. ऑगस्ट २०२२ मध्ये केंद्राच्या ग्राहक व्यवहार विभागाने तेल भरणाऱ्यांना तापमानाचा उल्लेख काढून टाकण्यास आणि आकारमानासोबत वजनही छापण्यास सांगितले आणि त्यासाठी १५ जानेवारी २०२३ पर्यंत मुदत दिली. म्हणून तेलाच्या बाबतीत लिटरचा आकडा सोडून द्यावा आणि ग्रॅमचा आकडा पाहावा. नागपूरच्या मे महिन्यात पिशवी कितीही फुगलेली दिसो, काट्यावरचे वजन उन्हाने बदलत नाही.

दुसऱ्या पिशवीवर ८५० ग्रॅम स्पष्ट छापले असेल आणि आत तेवढे तेल असेल, तर तीही कायद्याच्या चौकटीत आहे. पूर्वी खाद्यतेल, चहा, बिस्किटे, पीठ अशा वस्तू ठरावीक वजनांतच विकण्याचे बंधन होते. २०२२ साली ते उठले. त्याऐवजी दर ग्रॅम, किलो, मिलिलिटर किंवा लिटरमागे किती पैसे पडतात ते छापणे आवश्यक करण्यात आले. हा बदल ग्राहकाच्या सोयीचा झाला असे आम्हाला वाटत नाही. पूर्वी दोन पिशव्यांची तुलना करायला नुसती किंमत पुरत होती. आता चष्मा लावून बारीक अक्षरांतील एककाची किंमत शोधावी लागते. परंतु आपल्या प्रश्नाचे उत्तर त्याच बारीक ओळीत आहे, तेव्हा दोन्ही पिशव्यांवरची ती ओळ शेजारी शेजारी ठेवून वाचावी.

प्रश्न : चिप्सच्या पाकिटात अर्धी हवाच असते. यावर कारवाई का होत नाही? (एक विद्यार्थी, गोकुळपेठ)

उत्तर : ती हवा बहुधा नायट्रोजन असते आणि चिप्स चुरा होऊ नयेत व तेल खवट होऊ नये म्हणून भरलेली असते. छापील ग्रॅमइतका माल आत असेल, तर वजनाच्या कायद्याखाली तक्रार उभी राहत नाही.

प्रश्न : वृत्तपत्रांत अधूनमधून वाचतो, की अमुक इतक्या आस्थापनांवर खटले नोंदवले आणि तडजोड शुल्क वसूल केले. कोट्यवधींचा धंदा करणाऱ्याला काही हजारांचा दंड म्हणजे काय? आणि तो पैसाही सरकारजमा होतो. ग्राहकाच्या हाती काय पडते? (एक निवृत्त शिक्षक, धरमपेठ)

उत्तर : सर, आपला आक्षेप आम्हाला बराचसा मान्य आहे. २००९ साली मंजूर झालेल्या मूळ कायद्यात, निव्वळ वजनात अनुज्ञेय मर्यादेबाहेर तूट असलेला माल भरणाऱ्याला पहिल्या गुन्ह्यासाठी १० हजार ते ५० हजार रुपये दंड सांगितला आहे. दुसऱ्या आणि त्यानंतरच्या गुन्ह्यासाठी एक लाखापर्यंत दंड किंवा एक वर्षापर्यंत कैद किंवा दोन्ही. मोठ्या कारखान्याच्या दृष्टीने पहिल्या वेळची रक्कम किरकोळच आहे. बहुतेक प्रकरणे कलम ४८ खाली शुल्क भरून मिटतात, न्यायालयापर्यंत जात नाहीत.

परंतु त्याच कलमात एक अट आहे आणि बातम्यांत ती सहसा येत नाही. एकदा तडजोड झाल्यावर तीन वर्षांच्या आत तोच किंवा तसाच गुन्हा पुन्हा घडला, तर दुसऱ्यांदा तडजोड करता येत नाही. कंपनीने कायद्याखाली जबाबदार व्यक्ती म्हणून ज्या संचालकाचे नाव कळवलेले असते, त्याला मग न्यायालयात उभे राहावे लागते. म्हणून पहिल्या तक्रारीची नोंद होणे महत्त्वाचे असते, शुल्क कितीही लहान असो. अर्थात त्यासाठी तपासणी पुन्हा त्याच दारात पोहोचली पाहिजे, आणि निरीक्षकांकडे काटे, वजने, पेट्रोल पंप यांच्या पडताळणीचे कामही असते. त्यामुळे तपासणी कुठे वळेल हे बऱ्याच अंशी तक्रारी कुठून आल्या यावर ठरते, असा आमचा अनुभव आहे.

ग्राहकाच्या हाती काही पडायचे असेल, तर वाट वेगळी आहे. ती ग्राहक संरक्षण अधिनियम, २०१९ खाली जिल्हा ग्राहक आयोगाकडे जाते. पाच लाखांपर्यंतच्या मूल्याच्या तक्रारीला तेथे शुल्क लागत नाही, वकील दिलाच पाहिजे असे नाही आणि मुदत दोन वर्षांची आहे. दोन उदाहरणे देतो. केरळमधील त्रिशूरच्या जिल्हा आयोगासमोर २०२४ साली निकालात निघालेल्या प्रकरणात ३०० ग्रॅम छापलेल्या बिस्किटांच्या दोन पुड्यांत २६८ आणि २४९ ग्रॅम माल निघाला होता. त्या वजनाला अनुज्ञेय त्रुटी ९ ग्रॅमची, म्हणजे तूट दुपटीच्याही पलीकडची. आयोगाने भरपाई आणि खर्च मिळून ६० हजार रुपये देण्याचा आदेश दिला.

दुसरे प्रकरण तमिळनाडूतील तिरुवल्लूरचे, २०२३ सालचे. पुड्यावर १६ बिस्किटे लिहिलेली, आत १५. कंपनीने सांगितले, की आम्ही नगावर नव्हे, वजनावर विकतो. छापील वजन ७६ ग्रॅम होते आणि प्रत्यक्षात ७४ भरले. साडेचार ग्रॅमपर्यंतचा फरक नियमांना चालतो, हाही बचाव घेतला गेला. आयोगाने तो मानला नाही आणि ग्राहकाला एक लाख रुपये देवविले. अनुसूचीचा नुसता तक्ता पाहिला, तर दोन ग्रॅमची तूट मर्यादेत बसते, हे प्रामाणिकपणे सांगितले पाहिजे. परंतु आयोग वजनाच्या निरीक्षकाचे काम करत नसतो. ग्राहकाला जे सांगून विकले ते त्याला दिले का, एवढेच तो पाहतो. एकाच पुड्याच्या बाबतीत निरीक्षक आणि आयोग यांची उत्तरे वेगळी येऊ शकतात ती यामुळेच, आणि म्हणून दोन्ही दारे ठोठवायला हरकत नाही.

प्रश्न : पुण्याच्या नातेवाइकांसाठी आम्ही दर वेळी संत्रा बर्फी नेतो. दुकानात पुठ्ठ्याच्या डब्यासकट तोलून किलोचे पैसे लावतात. हे बरोबर आहे काय? बोलायला संकोच वाटतो. (एक वाचक, प्रतापनगर)

उत्तर : हे बरोबर नाही. ग्राहकासमोर तोलून दिलेल्या सुट्या मिठाईतही पैसे मिठाईच्या वजनाचे घ्यायचे असतात, डब्याच्या नव्हे. सांगितल्यापेक्षा कमी माल देणे कायद्याच्या कलम ३० खाली येते. समजा, डबा ६० ग्रॅमचा आहे आणि बर्फी ७०० रुपये किलोची, तर आपण पुठ्ठ्यासाठी ४२ रुपये मोजले. दुकानातून आधीच भरून, दोरी बांधून ठेवलेला डबा घेत असाल, तर त्यावर निव्वळ वजन छापलेले असले पाहिजे आणि ते डबा वगळून असले पाहिजे.

संकोचाचे म्हणाल, तर भांडण्याची गरज पडत नाही. बर्फी भरण्याआधी “भाऊ, रिकामा डबा ठेवून काटा शून्य करा” एवढे म्हणावे. काट्यावर त्यासाठी बटण असतेच आणि दुकानातल्या पोऱ्यालाही ते ठाऊक असते. आपण हे बोलल्यावर मागच्या रांगेतील गिऱ्हाइकाचा डबाही बहुधा शून्यावरच तोलला जातो.